दहावीची मार्कशीट आणि आमचा समेट

मी ज्या संस्थेत नोकरी केली, ती नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायकांना साडी द्यायची. साडी चांगली होती. जांभळी, बारीक काठाची, धुतली तरी रंग न जाणारी. देणगीदार एकच, गठ्ठा एकच, त्यामुळे रंगही एकच. आमच्या समुपदेशन केंद्राची पायरी चढलेल्या प्रत्येक बाईला पहिल्याच भेटीत ती साडी, पाण्याची एक बाटली आणि महिलांच्या हक्कांचं माहितीपत्रक मिळायचं. वर्षभरात असं झालं की वडसाच्या आठवडी बाजारात जांभळी साडी दिसली की वांगी विकणारी बाईसुद्धा शेजारणीला कोपर मारून सांगायची, "हे मार खाल्लेली दिसते बाप्पा." गोपनीयता हा आमच्या कामाचा पहिला नियम होता. तो आम्ही चौकटीत लावून भिंतीवर टांगला होता.

संस्थेबद्दल वाकडं बोलताना मला आजही कसंतरी होतं. माझ्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आई दुसऱ्यांच्या बांधीत धानाची रोवणी करायची, बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे. मला समाजकार्याची पदवी मिळाली आणि दोन महिन्यांत ही नोकरी लागली, तेव्हा बाबांनी मिलमधल्या सगळ्या हमालांना चिवडा वाटला. संस्थेनं मला टेबल दिलं, खुर्ची दिली आणि टेबलावर ठेवायला माझ्या नावाची पाटी दिली. आमच्या गावच्या शाळेत अशी पाटी फक्त मुख्याध्यापकांना होती. पहिला आठवडाभर मी ती रोज सकाळी ओढणीनं पुसत असे.

माझ्याकडे एकच कला होती, अर्ज लिहिण्याची. आठवीत असल्यापासून मी गावाचे अर्ज लिहीत आले. राशनकार्डात नाव टाका, विजेचं मीटर बदला, निराधार योजनेत घ्या. "उपरोक्त विषयान्वये" हा शब्द गावात माझ्याशिवाय कोणाला वापरता येत नव्हता. त्यामुळे योग्य माणसाला योग्य भाषेत पत्र गेलं की काम होतंच, अशी माझी समजूत होती. शिक्षणानं माझं इतकं भलं केलं होतं की ते कोणाचं वाईटही करू शकतं, हे मला सुचलंच नव्हतं.

आमच्या अध्यक्ष मॅडम मनानं प्रेमळ होत्या. कोणाच्या डोळ्यात पाणी आलं की त्यांच्या डोळ्यात आधी यायचं. त्यांचं एकच म्हणणं असे, "संसार मोडायला कोणीही मोडेल, आपण जोडायचा." नवरा-बायको पुन्हा एकत्र आले की त्याला आम्ही 'समेट' म्हणायचो आणि समेटाचा कार्यक्रम करायचो. मागं फलक, पुढं दोघं, दोघांच्या गळ्यात हार, मॅडमचे दोन्ही हात दोघांच्या डोक्यावर, आणि फोटो. तो फोटो अहवालात जायचा, अहवाल देणगीदाराकडे. कोर्टात गेलेलं प्रकरण मात्र 'प्रलंबित' या रकान्यात पडायचं. प्रलंबितचा काही फोटो निघत नाही. त्यामुळे कायद्याबद्दल आम्हाला फार आदर होता आणि त्याला उगाच त्रास द्यायचा नाही, असं आमचं धोरण होतं.

ती आली तेव्हा धानाची कापणी उरकत आली होती आणि मंडईचे दिवस तोंडावर होते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, नाटक होतं, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकी त्या दिवसांत माहेरी येतात. मंडईला आलेल्या लेकीला कोणी विचारत नाही, काऊन आलीस म्हणून.

वय सव्वीस-सत्तावीस. सोबत आई आणि दोन वर्षांची मुलगी. सासर वैनगंगेच्या पलीकडच्या एका गावात, माहेर अलीकडे. उजव्या हाताची दोन बोटं नीट वळत नव्हती. मी बोलले की ती मान थोडी फिरवून उजवा कान पुढं करायची. डाव्यानं ऐकू येत नव्हतं. कधीपासून, असं विचारलं तर म्हणाली, "पोळ्यापासून." तीन वर्षं तिनं काढली होती, आणि या खेपेला नवऱ्यानं पाटा उचलला तेव्हा ती पळाली होती.

मी संस्थेचा अर्ज पुढं घेतला. त्यात शेवटी एक प्रश्न होता, 'पीडितेची अपेक्षा'. त्यापुढं चौकोन होते: समुपदेशन, निवारा, पोटगी, शिलाई मशीन, इतर. आमच्याकडे शिलाई मशीन हे पुष्कळ दुखण्यांवरचं औषध होतं.

"तुम्हाला काय हवं?" मी विचारलं.

"मले माही दहावीची मार्कशीट पायजे."

मी पुन्हा विचारलं. वाटलं, प्रश्न तिच्या कानापर्यंत पोचला नसेल.

"मार्कशीट जी. दहावीची. घरी पेटीत हाय, लग्नाच्या शालूखाली. पळताना पोरगी उचलली, पेटी नाई उचलता आली."

चंद्रपुरातल्या एका दवाखान्यात रुग्णसेवेचं वर्षभराचं शिक्षण होतं. मुलींना राहायची, जेवायची सोय, आणि नीट शिकली तर तिथंच काम. माहेरच्या गल्लीतली एक मुलगी तिथून शिकून आली होती, तिच्याकडून हिला कळलं होतं. मुलीला आजी सांभाळणार होती. सगळं ठरलं होतं. फक्त प्रवेशाच्या वेळी दहावीची मूळ मार्कशीट हवी होती, आणि प्रवेशाला अठरा दिवस उरले होते.

"दुसरी प्रत मिळते की," मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाले.

"गेली होती मी कॉम्प्युटरवाल्याकडं. तो म्हणे बैठक नंबर सांग. मी म्हटलं नंबर त मार्कशीटवर हाय. तो म्हणे मंग मार्कशीट आन." ती हसली. "शाळेत गेली. सर म्हणे नागपूरवरून मागवा लागते, प्रतिज्ञापत्र करा, महिना-दीड महिना धरून चाल."

म्हणजे माझ्याकडे येण्याआधी, दोन वाकडी बोटं आणि एक कान घेऊन, तिनं ते सगळं केलं होतं जे मी तिला करायला सांगणार होते. मी जांभळी साडी काढून तिच्यापुढं ठेवली.

"हे नको जी," ती म्हणाली. "बाजारात ओळखतेत."

"घे ना वो," आई म्हणाली, "सुती दिसते." साडी आईनं पिशवीत घातली.

मग तिनं मला आपला बेत सांगितला. नणंद तिच्या बाजूची होती. आठ दिवसांनी मंडईला ती माहेरी, म्हणजे हिच्या सासरी, येणार होती. सगळे मंडईत गेले की ती पेटी उघडेल, कागद काढेल, आपल्या पिशवीत घालेल आणि परत जाताना वडसाच्या स्टँडवर हिच्या हातात देईल. दोघींचं फोनवर बोलणं झालं होतं. नवऱ्याला पेटीत असं काही आहे हे ठाऊकच नव्हतं. तो आठवीत शाळा सोडलेला. ही दहावी पास आहे हे लग्नात सांगितलं होतं, पण त्या गोष्टीचा कागद असतो आणि त्या कागदाला काही किंमत असते, हे त्याच्या गावी नव्हतं.

"मग तुम्हाला माझ्याकडून काय हवं?"

"नणंदेले नाई जमलं त तुमी काय करान, ते विचाराले आली."

मला वाटतं, माझ्या नोकरीत माझ्यासमोर बसलेल्या माणसांमध्ये इतकी शहाणी बाई दुसरी नव्हती. आणि मी तिला काय सांगितलं? मी म्हणाले, "ताई, चोरी कशाला? ती मार्कशीट तुमची आहे. हक्क आहे तुमचा. मी पत्र लिहिते."

"नका लिहू ना जी. त्याले मालूम होईन."

"मालूम व्हायलाच पाहिजे. संस्थेचं लेटरहेड पाहिल्यावर माणूस बदलतो."

आई म्हणाली, "तो दारू पेल्यावर बदलते, मॅडम. कागद पाहून बदलला असं कधी आयकलं नाई."

मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून पत्र लिहिलं. 'महोदय, उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, आपल्या निवासस्थानी असलेल्या लोखंडी पेटीत, विवाहप्रसंगीच्या वस्त्राखाली, आपल्या पत्नीची माध्यमिक शालान्त परीक्षेची मूळ गुणपत्रिका असून, सदर गुणपत्रिका त्यांच्या पुढील शिक्षणासाठी व स्वावलंबनासाठी अत्यंत मौल्यवान असल्याने...' कुठं आहे, कशाखाली आहे आणि किती मौल्यवान आहे, तिन्ही गोष्टी मी स्पष्ट लिहिल्या. अर्ज कसा मुद्देसूद असावा, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. शिक्का मारला, आवक-जावकमध्ये नोंद केली आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

पाचव्या दिवशी मला फोन आला.

"मॅडम, नमस्कार. मी त्या मार्कशीटवालीचा नवरा बोलून राह्यलो." आवाज खणखणीत, प्रत्येक शब्द मोकळा. "पत्र लय भारी लिहिलं जी तुमी. पानठेल्यावर वाचून दाखवलं सगळ्याईले. आमचे नाटकाचे मास्तर म्हणे, अशी भाषा आपल्या नाटकात पायजे."

तेव्हा मला कळलं की तो नाटकात काम करतो. गावच्या हौशी मंडळात दर मंडईला त्याची भूमिका ठरलेली. आधी वाया गेलेला आणि शेवटच्या अंकात सुधारणारा भाऊ. दोन-तीन गावं त्याला त्या भूमिकेवरून ओळखत. बाया पदर डोळ्याला लावत. बहिणीचे पाय धरून तो असा काही रडायचा, की हार्मोनियमवाल्याचाही सूर चुकायचा.

"मार्कशीट परत करताय ना?" मी विचारलं.

"करतो ना जी. काऊन नाई करन? आता माह्या खिशातच हाय, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून. झोपतानाही उशाखाली ठेवतो. तुमीच लिहिलं ना, मौल्यवान हाय म्हणून. बायकोले पाठवा, मार्कशीट तिच्या हातात देतो. माह्या घरी."

मंडई आली, नणंद आली, तिनं पेटी उघडली. शालू होता. तिनं तसा निरोप दिला. दुसऱ्या दिवशी ही माझ्यासमोर येऊन बसली. मी तिच्या बोलण्याची वाट पाहत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लिहू नका म्हटलं होतं ना जी," एवढंच म्हणाली. मग मुलीच्या चपलेचा तुटलेला पट्टा सेफ्टी पिनेनं लावत बसली.

मी मॅडमना सगळं सांगितलं. माझी चूक झाली, आता आपण पोलिसात तक्रार करू, कायद्याप्रमाणे कौटुंबिक हिंसाचाराचा अहवाल भरून पुढं पाठवू, असंही म्हटलं. मॅडमचा चेहरा उजळला.

"अगं, हे तर झालंच म्हणायचं! त्याला बायको हवी आहे. तिला मार्कशीट हवी आहे. दोघांनाही काहीतरी हवं असलं की समेट होतो. वीस वर्षं मी हेच बघत आले आहे."

"मॅडम, त्यानं तिचा कान फोडलाय."

"म्हणूनच तर समेटाची गरज आहे," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. योगायोगानं नागपूरचे देणगीदार त्याच सुमारास येणार होते. समेटाचा कार्यक्रम त्यांच्या हस्ते ठरला. प्रवेशाची मुदत संपायच्या तीन दिवस आधी. नवऱ्याला मॅडमनी स्वतः फोन केला. त्यानं लगेच होकार दिला. फक्त एक प्रश्न विचारला, "माइक रायते का जी?"

बाईला तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी बसनं तिच्या माहेरच्या गावी गेले. ठरवून गेले होते की तिला सांगायचं, येऊ नका. मी माझ्या जबाबदारीवर तक्रार करते, वर्ष वाया जाईल पण जीव राहील. तिची आई अंगणात सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. ती स्वतः चुलीपुढं होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग तिनं विचारायला सुरुवात केली.

"लोक किती रायतील?"

"शंभरेक. बचत गटाच्या बाया बोलावल्यात."

"स्टेज?"

"आहे."

"नागपूरचे पाहुणे खरंच येऊन राह्यले?"

"हो. घाबरू नका, तुम्ही यायची गरज नाही."

"फोटो कोन काढते? कागदवाले रायतील?"

"एक पत्रकार बोलावलाय मॅडमनी."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मंग तो आणते," ती म्हणाली.

"काय आणतो?"

"मार्कशीट. घरी कोनी नसन त तो कागद जाळून टाकन. चार लोक असन त आपलं काळीजही काढून देईन, फक्त टाळ्या पायजेत त्याले. तीन वर्षं झाली मले त्याच्यासंग. नाटकात बहिनीले ओवाळणी देते ना, त्या ताटात खरे झुमके टाकले होते एकडाव. माहे झुमके." ती माझ्याकडं वळली. "तुमी लिहिता ना जी चांगलं. त्याच्यासाठी भाषण लिहा. त्याच्यात लिहा का मार्कशीट आपल्या हातानं बायकोले देते म्हणून. स्टेजवर. सगळ्याईच्या पुढं."

आई सूप खाली ठेवून म्हणाली, "आणि रडाले जागा ठेवा त्यात. रडाले नाई भेटलं त तो येणारच नाई."

मी ते भाषण लिहिलं. आजवर पुष्कळ अर्ज, अहवाल आणि प्रस्ताव लिहिले, पण इतकं जीव ओतून काही लिहिलेलं नाही. 'उपरोक्त' एकदाही वापरलं नाही. 'ज्या हातांनी मी तिला मारलं, त्याच हातांनी आज मी तिला तिचं शिक्षण परत देतो आहे!' त्यापुढं कंसात: (गुणपत्रिका दोन्ही हातांनी पत्नीस देतो. टाळ्या.) मॅडमना दाखवलं, त्या दोन वेळा रडल्या. नवऱ्याला पाठवलं. त्याचा फोन आला, "मॅडम, 'त्याच हातांनी' इथं थोडा पॉज घेऊ का?"

"घ्या," मी म्हणाले.

या खेपेला मी आणखी दोन कागद लिहिले, आणि ते कोणाला वाचून दाखवले नाहीत. एक पोलीस ठाण्याला, कार्यक्रमाच्या व्यवस्थेसाठी महिला शिपाई पाठवावी म्हणून. दुसरा तो हिंसाचाराचा अहवाल, जो मी ती पहिल्यांदा आली त्याच दिवशी तिच्यासमोर भरायला हवा होता. तिची सही घेतली आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी महिलांच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घेतली.

समेटाच्या दिवशी ती जांभळी साडी नेसून आली. मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. आई मुलीला घेऊन पुढं न बसता दाराजवळच्या खुर्चीवर बसली. "मले पंख्याचं वारं सोसत नाई," तिनं मला सांगितलं. दारापाशीही पंखा होताच.

नवरा पांढरा झब्बा घालून आला होता. दिसायला देखणा, खरंच. आधी मॅडमच्या पाया पडला, मग पाहुण्यांच्या, मग माझ्याकडं वळला तर मी मागं सरकले. बचत गटाच्या बायांमध्ये कुजबुज झाली, "हा त तो नाटकातला भाऊ व्हय!" ती कुजबुज त्याच्या कानावर गेली आणि त्याचा खांदा ताठ झाला.

त्याचं भाषण सुरू झालं. मी लिहिलेलं तर त्यानं म्हटलंच, वर आपलंही घातलं. आईच्या दुधाची शपथ घातली, जी मी लिहिली नव्हती. पुढच्या रांगेतल्या दोन बाया पदरानं नाक पुसू लागल्या. नागपूरच्या पाहुण्यांनी चष्मा काढला. "ज्या हातांनी मी तिला मारलं..." त्यानं दोन्ही हात वर केले. "त्याच हातांनी..." पॉज घेतला. चांगला घेतला. मग झब्ब्यातून पन्नी काढली, पन्नीतून कागद काढला, गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला.

"असंच धरा," पत्रकार म्हणाला. "ताई, तुम्हीपण पकडा. इकडं बघा. अजून एक."

तीन फोटो झाले. तिनं कागद घेतला. उलटून पाहिला, पुन्हा सुलट केला, नाव वाचलं, शाळेचं नाव वाचलं. सगळ्यांना वाटलं, भारावली आहे. मग ती स्टेजवरून उतरली, सरळ दारापाशी गेली आणि कागद आईच्या हातात दिला. आई उठली, नातीला काखेत घेतलं आणि बाहेर पडली. स्टँड तिथून पाच मिनिटांवर होता.

ती परत स्टेजवर आली. मॅडम माइक पुढं करत म्हणाल्या, "बोल बेटा, दोन शब्द."

"मी त्याच्या घरी जात नाई," ती माइकवर म्हणाली. "मार्कशीट द्याले बलावलं होतं, भेटली. मले डाव्या कानानं आयकू येत नाई, तो त्यानं फोडला. बाकी सगळं त्यानं सांगितलंच हाय."

सभागृहात इतकी शांतता झाली की माइकवाल्याला वाटलं कार्यक्रम संपला. त्यानं ठरल्याप्रमाणे सनई लावली.

नवरा अजून एका गुडघ्यावर होता. गळ्यात हार. मी त्याच्याकडंच पाहत होते, आणि त्याचा चेहरा मला आजही दिसतो. त्याला राग आला होता, पण समोर शंभर बाया डोळे पुसत बसल्या होत्या, त्याच्यासाठीच. शेवटच्या अंकात सुधारलेला माणूस त्याच अंकात बायकोला कशी शिवी देणार? त्यानं खिशातून भाषणाचा कागद काढून पाहिला. पुढचं वाक्य शोधलं. मी लिहिलेल्या भाषणात पुढचं वाक्य नव्हतं.

शेवटी उठला आणि ओरडला, "हा धोका हाय!" तिच्याकडं दोन पावलं टाकली. कोपऱ्यात समोसा खात असलेली महिला शिपाई समोसा हातात तसाच धरून उभी राहिली. "काय गा, कुठी चालला?" ती म्हणाली. एवढंच. तो थांबला, हार काढून टेबलावर आपटला आणि निघून गेला. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "नाटकातच बरा होता बाप्पा."

मॅडम माझ्यावर रागावल्या. रागावल्या म्हणजे रडल्या. मी त्यांचा विश्वासघात केला, असं त्या म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी मला टेबल दिलं होतं. मी तिला सांगून, तिच्यासोबत ठरवून, त्यांच्या कार्यक्रमाचा वापर केला होता. मी माफी मागितली. आतून मागितली की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. देणगीदाराच्या अहवालाचं काय करायचं, असं मी विचारलं. मॅडमनी फोटो पाहिले, बराच वेळ पाहिले. तिसरा फोटो फारच चांगला आला होता. तो गुडघ्यावर, ती कागद धरून, मागं मॅडम. "फोटोत तर दोघं आहेत ना," त्या हळूच म्हणाल्या. त्या वर्षीच्या अहवालात समेटाच्या पानावर तोच फोटो आहे. खाली ओळ आहे, 'शिक्षणातून जुळला संसार'. ती ओळ मी लिहिलेली नाही, एवढं मला सांगायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी तिच्यासोबत चंद्रपूरला गेले. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी रजा टाकली. गाडीत तिनं मार्कशीट एका वहीत घालून वही छातीशी धरली होती. झेरॉक्सच्या दुकानात मी म्हणाले, "द्या, मी काढून आणते."

"नाई, राहू द्या." ती माझ्याकडं न पाहता म्हणाली. "माह्याच हातानं होऊ द्या." दुकानदाराला बाजूला व्हायला सांगून तिनं स्वतः काचेवर कागद ठेवला. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटायचा मला काही हक्क नव्हता.

दवाखान्याच्या प्रवेशाच्या खिडकीवर चष्मा लावलेला एक बाबू बसला होता. तिनं कागद आत सरकवला, पण एक कोपरा धरून ठेवला.

"सोडा ना ताई, खाऊन नाही टाकत."

"असंच पाहा जी."

त्यानं तिरका होऊन नाव वाचलं, वर्ष वाचलं, यादीत खूण केली. मग म्हणाला, "ठीक आहे. मूळ मार्कशीट आमच्याकडे जमा राहील. वर्ष संपल्यावर परत."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचा कोपऱ्यावरचा अंगठा पांढरा पडला होता. मागं रांग होती, मागच्या मुली चुळबुळ करू लागल्या.

"पावती द्या," ती म्हणाली.

"कशाची पावती? मार्कशीटची पावती कोणी देतं का? सगळ्यांच्या जमा आहेत." त्यानं मागच्या कपाटाकडं बोट केलं. कपाटात गठ्ठेच्या गठ्ठे होते.

मी पुढं झाले. पिशवीतून कोरा कागद काढला, पेन उघडलं. "मी लिहिते. 'उपरोक्त विषयान्वये...'"

"तुमी नका लिहू," ती म्हणाली. डाव्या हातानं कोपरा धरूनच होती, उजवा हात तिनं पुढं केला. मी पेन तिला दिलं. दोन बोटं वळत नव्हती, त्यामुळे पेन अंगठा आणि करंगळीच्या मध्ये अडकवून तिनं खिडकीच्या कट्ट्यावर लिहिलं. मोठी अक्षरं, शाळेतली. 'माझी दहावीची मार्कशीट आज यांनी घेतली. वर्ष झालं की परत देतील.' खाली मार्कशीटवरचा बैठक क्रमांक लिहिला, एकेक आकडा तपासून. मग कागद आत सरकवला.

"सही करा. शिक्का मारा."

बाबूनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं. त्यानं सही केली. शिक्का शोधला, सापडला नाही, उठून दुसऱ्या खोलीतून आणला आणि मारला. तिनं सगळं पुन्हा वाचलं, शिक्क्यातली अक्षरंसुद्धा. मग मार्कशीटचा कोपरा सोडला.

"सोमवारी सकाळी सात वाजता हजर," बाबू म्हणाला. "ताट, वाटी, पेला आपापला आणायचा. पुढची कोण?"